साठ कुकीज, अंडं नाही, नट्स नाहीत, आणि ओव्हनमध्ये कढया

ताई, नमस्कार. आम्हाला मिनेसोटात येऊन दीडेक वर्ष झालं, मिनियापोलिसच्या बाहेर एका सबर्बमध्ये राहतो. समोरच्या घरात आजी-आजोबा आहेत, फार चांगले, बर्फ पडला की आजोबा स्वतःच्या ड्राइव्हवेबरोबर आमचाही साफ करून टाकतात. त्या आजींनी डिसेंबरमधल्या कुकी एक्स्चेंजला, म्हणजे घरी केलेल्या कुकीजच्या अदलाबदलीला, बोलावलंय आणि मी आनंदात हो म्हणून बसले. मग चिठ्ठी नीट वाचली. आठ जणी, प्रत्येकीने एकाच प्रकारच्या पाच डझन कुकीज घरी केलेल्या आणायच्या, बरोबर रेसिपीचं कार्ड, आणि एकीच्या मुलाला अ‍ॅलर्जी आहे म्हणून शेंगदाणे आणि कुठलेच नट्स नकोत. मी जन्मात काही बेक केलेलं नाही, आमच्या ओव्हनमध्ये कढया आणि कुकर राहतात. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात, त्यांना घरात अंडं आणलेलंही चालत नाही. नवरा म्हणतो दुकानातून आण आणि आपल्या डब्यात भर, कोणाला कळतंय. मैत्रीण म्हणते बेसनाचे लाडू ने, आपलं काहीतरी दाखव. काय करू? — कढईवाली

अगं कढईवाली, जायचं तर आहेच, हो म्हणून झालंय ना. आणि घाबरण्यासारखं खरंच काही नाहीये यात, फक्त काही गोष्टी अशा आहेत ज्या नवीन माणसाला कोणी सांगत नाही कारण तिथल्या लोकांना त्या सांगण्यासारख्या वाटतच नाहीत, शेजारून फराळाचं ताट आलं की ते रिकामं परत करायचं नसतं हे आपल्याला तरी कोणी बसवून शिकवलंय का, तसंच.

आधी नवऱ्याचं निकालात काढू. दुकानातल्या न्यायच्या नाहीत. एक तर कळतं, ज्या बायका वर्षानुवर्षं डिसेंबर आला की पिठात हात घालतायत त्यांना मशीनने पाडलेली एकसारखी कुकी लांबून ओळखू येते. दुसरं म्हणजे रेसिपीचं कार्ड द्यायचंय, त्यावर काय लिहिणार, दुकानातल्या रांगेचा नंबर? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या पोराची अ‍ॅलर्जी. दुकानाच्या बेकरीत ज्या टेबलावर अक्रोडाची ब्राउनी कापतात त्याच टेबलावर साधी कुकीही भरतात, बऱ्याच डब्यांवर तशी सूचनाही असते. घरचं मागितलंय त्यात हौस आहेच, पण थोडी ही काळजीही असणार.

लाडवांचं म्हणशील तर मला स्वतःला बेसनाचा लाडू जगातल्या कुठल्याही कुकीपेक्षा जास्त आवडतो हे आधीच सांगून ठेवते, पण इथे नको. ज्याने कधी खाल्लेला नाही त्याच्या हातात अख्खा लाडू दिला की त्याला तो संपवायचं दडपण येतं, तिथल्या थंडीत तूप घट्ट होऊन लाडू दगड होतो, आणि सहा-सहाच्या पिशव्यांमध्ये ते एकमेकांना चिकटून चेपतात. शिवाय त्यांनी कुकी मागितलीये. "आपलं काहीतरी दाखवायचं" हे मला तसंही फारसं पटत नाही, तू शेजारीण म्हणून चाललीयेस, मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमाला नाही. वेलची घाल, बास झालं.

पाच डझन का ते कळलं की छाती दडपणार नाही. आठ जणी, प्रत्येक प्रकारातल्या सहा-सहा प्रत्येकीला, म्हणजे अठ्ठेचाळीस, आणि उरलेल्या बारा तिथेच कॉफीबरोबर चाखायला, बहुतेक असाच हिशोब असतो. म्हणजे साठ नेशील आणि आठ प्रकारच्या अठ्ठेचाळीस घेऊन घरी येशील. म्हणून मोजून न्यायच्या, पन्नासच नेल्या तर चाखायला दोनच उरतात, कोणी बोलणार नाही पण दिसतं ते. आणि करताना सत्तरच्या आसपास कर, चार-पाच तुटतात, चार-पाच नवरा खातो.

आता अंड्याचं. गूगल केलंस तर तुला अंड्याऐवजी जवसाची पूड, अ‍ॅपलसॉस, दही, केळं, नाही नाही ते सापडेल. त्यात पडूच नकोस. पहिल्यांदा ओव्हन लावणाऱ्या माणसाने अंड्याच्या रेसिपीतून अंडं काढायचा उद्योग करायचा नसतो, कुकी बिघडली तर नेमकं कशामुळे ते कळणारच नाही. जी कुकी मुळातच अंड्याशिवाय होते ती कर. आणि अशी कुकी आहे, तीही चांगली जुनी आणि मानाची, स्कॉटलंडची शॉर्टब्रेड. लोणी, साखर, मैदा, संपलं. तिच्यात अंडं कधी नव्हतंच, त्यामुळे तिथे कोणी "ओह, एगलेस का" असं म्हणून सहानुभूतीने बघणार नाही. नट्सही नाहीत. पुण्यातली असशील तर श्रूजबेरी बिस्किटाची ही जवळची नातेवाईक समज, चव लगेच ओळखीची वाटेल.

हिचं प्रमाण पाठ करण्याइतकं सोपं आहे, वजनाने एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. तिथल्या भाषेत सांगायचं तर बटरच्या दोन स्टिक (एक स्टिक ११३ ग्रॅमची असते, कागदावर टेबलस्पूनच्या खुणा छापलेल्या असतात, अनसॉल्टेड घे), एक कप पावडर्ड शुगर म्हणजे आपली पिठीसाखर, आणि पावणेतीन कप ऑल पर्पज फ्लोअर, साधारण ३४० ग्रॅम. अर्धा चमचा मीठ, मीठ विसरू नकोस, त्याच्याशिवाय नुसतं गोड तूपकट लागतं. आणि दीड चमचा ताजी कुटलेली वेलची. यात पस्तीस-चाळीस कुकीज होतात, म्हणजे हे दोनदा करायचं. एकदम दुप्पट मळू नकोस, हाताला जड जातं आणि नीट मिसळत नाही.

बटर मऊ हवं, वितळलेलं नाही. हे वाक्य सगळ्या रेसिपींमध्ये असतं आणि सगळे त्यावरून उडी मारून पुढे जातात, पण कुकी ट्रेवर पसरून पापड होते ती बहुतेक वेळा इथेच बिघडलेली असते. बोट दाबलं की खळगा पडला पाहिजे पण बोट तेलकट होता कामा नये. डिसेंबरात तिथल्या घरात ते तासाभरातही होत नाही कधीकधी, मग स्टिकचे लहान तुकडे करून ताटलीत पसरून ठेव, लवकर होतं. मायक्रोवेव्हला लावायचा मोह होईल, नको, बाहेरून घट्ट दिसतं आणि आत डबकं झालेलं असतं. मग बटर आणि साखर एकत्र फेसायची, रंग जरा पांढुरका होईपर्यंत, हँड मिक्सर नसेल तर लाकडी चमच्याने किंवा सरळ हाताने, सासूबाईंना सांग तूप-साखर फेसायचीये, त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही. त्यात मीठ, वेलची, आणि मग मैदा. मैदा घातला की फार मळायचं नाही, पोळ्यांच्या कणकेसारखं तिंबलंस तर खुसखुशीतपणा जातो, नुसतं गोळा होईपर्यंत. सुरुवातीला भुसा भुसा दिसेल आणि तुला वाटेल पाणी किंवा दूध घालावं. घालू नकोस. मुठीत दाबत राहा, हाताच्या उबेने येतं ते एकत्र.

मैदा मोजताना कप पिशवीत खुपसून भरायचा नाही, चमच्याने कपात टाकायचा आणि वरून सुरीने सपाट करायचा. खुपसून भरला की एका कपात वीस-पंचवीस ग्रॅम सहज जास्त येतो, पावणेतीन कपांत बघ किती होतं ते, आणि मग कुकी कोरडी ठक्क. खरं तर छोटा डिजिटल वजनकाटा घे, स्वस्त मिळतो, पुढे इडलीच्या तांदळापासून सगळ्याला उपयोगी पडतो.

आता या पिठाचे दोन लांबट रोल कर, साधारण दीड-दोन इंच जाडीचे, पार्चमेंट पेपरमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये दोन तास. घट्ट झाले की सुरीने पाऊण सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या कापायच्या, ट्रेवर ठेवायच्या आणि भाजायच्या. बास. लाटणं नाही, साचे नाहीत, साठ वेळा गोळे वळणं नाही. कापायच्या आधी रोल लाल-हिरव्या जाड साखरेत घोळवलास की प्रत्येक चकतीला रंगीत काठ येतो, आणि ख्रिसमसचं डेकोरेशन म्हणून एवढं पुष्कळ झालं. आयसिंगच्या फंदात अजिबात पडू नकोस, ते सुंदर स्नोमॅनवाले फोटो बघितलेस ना, ती वेगळी विद्या आहे आणि वाळायला अख्खी रात्र लागते. जॅम भरलेल्या थंबप्रिंट कुकीजही याच पिठाच्या होतात, दिसतात गोड, पण एकावर एक रचल्या की चिकटतात, पिशवीत भरून द्यायच्या असतील तर त्यांचा विचार सोड.

या रोलची खरी गंमत वेगळीच आहे, ते फ्रीझरमध्ये महिनाभर आरामात राहतात. म्हणजे तू या वीकेंडला पीठ करून ठेवलंस की निम्मी काळजी गेली, आणि एक्स्चेंजच्या आधी एका रात्री सहाच चकत्या कापून ट्रायल घेता येते. ट्रायल घेच, कारण तुला तुझा ओव्हन माहीत नाही.

ओव्हनबद्दल. आधी कढया काढ, कुकर काढ, आणि त्याच्या शिट्ट्या, मागे कोपऱ्यात पडलेली ती प्लॅस्टिकच्या मुठीची गाळणी, सगळं. खाली ड्रॉवर असेल तर त्यात ठेवायच्या आधी तो सामानाचा ड्रॉवर आहे की ब्रॉइलरचा, म्हणजे थेट आचेवर भाजायचा कप्पा, ते बघ, गॅसच्या ओव्हनला बऱ्याचदा खाली ब्रॉइलर असतो. मग ओव्हन रिकामा ३५० फॅरनहाइटवर अर्धा तास चालव, एक्झॉस्ट लावून आणि खिडकी थोडी उघडून, भले बाहेर उणे पंधरा असू दे. दीड वर्षं तळणीच्या कढया तिथे राहिल्यात, तेलाचे ओघळ जळून धूर येणारच, तो त्या दिवशी आला आणि स्मोक अलार्म कोकलायला लागला की सासूबाई आणि तू दोघी घाबराल, त्यापेक्षा आधी येऊन गेलेला बरा.

३५० फॅरनहाइट म्हणजे साधारण १७५ सेल्सियस, मराठी रेसिपीत १८० लिहिलेलं असलं तरी तिथे ३५०च लाव. ओव्हनने टिंग केलं की लगेच ट्रे सरकवू नकोस, अजून दहा मिनिटं थांब, हवा तापलेली असते पण भिंती तापलेल्या नसतात. मधला रॅक, एका वेळी एकच ट्रे, पार्चमेंट पेपर घालून. कन्व्हेक्शन म्हणजे पंख्याचं बटण चालू असेल तर २५ डिग्री कमी कर. बारा ते पंधरा मिनिटं. कडा किंचित सोनेरी झाल्या की काढायचं, मध्ये पांढरटच असणार आणि हात लावलास तर मऊ लागेल, तुला वाटेल कच्चं राहिलं, अजून पाच मिनिटं ठेवावं. ठेवू नकोस, गरम कुकी मऊच असते, ट्रेवरच दहा मिनिटं राहिली की कडक होते. नवशिक्यांच्या कुकीज कच्च्या राहत नाहीत गं, जळतात. आणि दुसरा घाणा गरम ट्रेवर लावायचा नाही, ट्रे गार होऊ दे, मिनेसोटात आहेस तर मिनिटभर बाहेर डेकवर ठेवलास तरी काम झालं.

वेलचीबद्दल धाकधूक असेल तर ती सोड. मिनेसोटात स्वीडिश, नॉर्वेजियन, फिनिश लोकांची मोठी वस्ती पूर्वीपासून आहे, मिनियापोलिसमध्ये अमेरिकन स्वीडिश इन्स्टिट्यूट नावाची अख्खी हवेली उभी आहे, आणि या लोकांच्या नाताळच्या गोड पावात वेलची असतेच. अमेरिकेत बाकी ठिकाणी लोक विचारतील हा कसला वास, तुझ्या समोरच्या आजींना त्यांच्या आजीचं स्वयंपाकघर आठवायची शक्यता जास्त. आणि तिथल्या सुपरमार्केटमधली वेलचीपूड महाग आणि बिनवासाची असते, तुझी खलबत्त्यात ताजी कुटलेली, त्यामुळे इथे तू सगळ्यांच्या पुढे आहेस.

खलबत्ता म्हणाले ते मुद्दाम. आता हे जरा नीट वाच. आपल्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याचं कूट सगळीकडे असतं, आपल्याला ते दिसतसुद्धा नाही. मिक्सरच्या ज्या छोट्या भांड्यात तू वेलची-साखर फिरवणार त्याच भांड्यात परवा कूट केलेलं असतं, झाकणाच्या रबरी रिंगमध्ये बघ, पात्याच्या खाली बघ, तिथे ते बसलेलं असतं आणि धुतलं तरी जात नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी तीव्र असेल तर तेवढंही पुरतं. म्हणून या कामाला मिक्सर वापरायचाच नाही, पिठीसाखर विकत मिळते तीच आण (त्यात थोडा कॉर्नस्टार्च असतो, चालतो), वेलची धुऊन पुसलेल्या खलबत्त्यात कुट, त्यातही आधी दाणे कुटले असतील आणि दगड खडबडीत असेल तर तोही नको, वेलचीचे दाणे कागदात घालून लाटण्याने चिरड. लाकडी चमचा आणि पोळपाट जुने असतील तर त्यांनाही सुट्टी. मैद्याची आणि साखरेची नवी पाकिटं फोड, डब्यातला मैदा नको, त्या डब्यात कुठला चमचा गेलाय देव जाणे. ओटा आधी पूस, आणि त्या दिवशी घरात चिवडा, चटणी, साबुदाण्याची खिचडी काही करू नका. सासूबाईंचा उपास त्याच दिवशी नाही ना ते कॅलेंडरवर बघून घे.

लेबलं वाचताना एक माहीत असू दे, शेंगदाणे, नट्स, दूध, गहू वगैरे घटक असतील तर ते लिहिणं अमेरिकेत कायद्याने सक्तीचं आहे, पण "मे कंटेन" किंवा "ज्या ठिकाणी नट्स हाताळले जातात तिथे बनवलेलं" हे लिहिणं कंपनीच्या मर्जीवर आहे. म्हणजे सूचना नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. चॉकलेट आणि स्प्रिंकल्सच्या बाबतीत हे फार लागू पडतं, म्हणून मी तुला चॉकलेटची रेसिपी देतच नाहीये. पाच मिनिटं काढून त्या मुलाच्या आईला आजींमार्फत मेसेज कर, मी हे हे घालणारे, चालेल ना? आणि माझ्या घरात शेंगदाणे असतात हेही सांग. ती काय ते ठरवेल. अशा आयांना विचारलेलं कधीच जास्त वाटत नाही.

तुझं मन अजून नानकटाईकडे ओढ घेत असेल, मला वाटतंय घेत असेल, तर तीही करता येते, अंडं तिच्यातही नसतंच. आपल्याकडे दिवाळीच्या आधी मैदा-तूप-साखर घेऊन बेकरीत जायचं आणि ट्रेच्या ट्रे भाजून आणायचे ही पद्धत कित्येक गावांत होती, अजूनही आहे, सासूबाईंना विचार, त्या रांगेत नक्की उभ्या राहिल्या असणार. दोन कप मैदा, एक कप बेसन, पाव कप बारीक रवा, सव्वा कप पिठीसाखर, एक कप तूप, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलची. तूप थिजलेलं पण मऊ, लोण्यासारखं, पातळ केलेलं चालत नाही. तूप आणि साखर तळहाताने परातीत फेसायची, हलकी पांढरी झाली पाहिजे, मग बाकीचं घालून गोळा, कोरडा वाटला तर चमचाभर तूप अजून. लिंबापेक्षा लहान गोळे, वरून अंगठ्याने जरा दाबून, ३५०लाच पंधराएक मिनिटं, वर भेगा पडल्या आणि बुडाला हलका रंग आला की झाल्या. छत्तीस-चाळीस होतात, म्हणजे हेही दोनदा. वर पिस्ता-बदाम नाही, अर्थातच, आणि चारोळीही नाही. जायफळ नट नाही, पण कार्डावर नटमेग वाचून एखादी दचकेल, म्हणून तेही राहू दे. बेसनाचं मात्र विचारून घे, हरभरा शेंगदाण्याच्याच कुळातला, आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काही थोड्या लोकांना बाकीच्या कडधान्यांचाही त्रास होतो. नको म्हणाली तर बेसनाच्या जागी मैदाच घाल, होते तशीही, जरा कमी खमंग.

दोन्हींतलं एक निवडायला सांगशील तर मी शॉर्टब्रेड म्हणेन. नानकटाई फार भुसभुशीत असते, पिशवीत भरून तीन घरं हिंडली की चुरा होतो, आणि पहिल्या वर्षी तुला कमी जोखमीचं हवंय. नानकटाई घरच्यांसाठी कर.

पॅकिंगचं थोडक्यात. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही, वाफ धरली की मऊ पडतात. मोठ्या घट्ट झाकणाच्या डब्यात थरांमध्ये पार्चमेंट घालून नेल्यास तरी चालतं, पण सहा-सहाच्या पारदर्शक पिशव्या करून रिबीन बांधून नेल्यास तर वाटताना सोपं जातं, आणि पिशवी बंद असली की दुसऱ्यांच्या कुकीजचे कण तुझ्यात मिसळत नाहीत. शॉर्टब्रेड दोन-तीन दिवस मुरली की जास्त चांगली लागते, तेव्हा शनिवारी असेल तर गुरुवारी भाज. जागा नसेल तर डबा गराजमध्ये ठेव, डिसेंबरात मिनेसोटातले सगळे लोक गराजचा फ्रिजच करतात, फक्त झाकण पक्कं लाव, उंदीर तिथेही असतात.

आता घरी येणाऱ्या बेचाळीस परक्या कुकीजचं. त्यातल्या बहुतेकांत अंडं असणार, हे धरूनच चल. सासूबाईंपासून लपवायचं नाही आणि तिथे जाऊन सात जणींना चौकशी करून हैराणही करायचं नाही, कार्ड मिळणारच आहेत, त्यावर सगळं लिहिलेलं असतं. अंड्याशिवाय आणखी काही शब्द बघ. मार्शमॅलो दिसला की जिलेटिन आलं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात, म्हणजे राइस क्रिस्पी ट्रीट्स शाकाहारी नसतात, दिसायला अगदी कुरमुऱ्याच्या वड्या. लार्ड म्हणजे डुकराची चरबी, जुन्या घरगुती रेसिपींमध्ये अजून असते. आणि लाल रंगाच्या स्प्रिंकल्समध्ये कधीकधी कार्मिन असतं, ते किड्यांपासून काढतात, घटकांच्या यादीत त्याचं नाव द्यावंच लागतं, म्हणून तू स्वतः रंगीत साखर घेतानाही बघून घे. सासूबाईंना चालणाऱ्या ज्या असतील त्या वेगळ्या डब्यात, बाकीच्या आल्या आल्या नवऱ्याबरोबर ऑफिसला. घरात ठेवायलाच नको असं सासूबाई म्हणाल्या तर रात्रभर गराजमध्ये राहतील, दुकानातून आणा म्हणणाऱ्या माणसाला एवढं काम करू दे. आणि "आपण नाताळ का करायचा" असं त्यांनी विचारलंच तर वाद घालू नकोस, आजोबांनी साफ केलेला ड्राइव्हवे खिडकीतून दाखव.

तिथे गेल्यावर एक मजा होण्याची शक्यता आहे. नॉर्वेजियन-स्वीडिश घरातली कोणी असेल तर ती रोझेट आणेल, लोखंडी साचा पिठात बुडवून तळलेली फुलं, वर पिठीसाखर. गोव्यात नाताळच्या कुस्वारात, म्हणजे त्यांच्या फराळात, नेवऱ्या आणि कलकलांच्या शेजारी जी रोझ कुकी असते ती जवळजवळ हीच, साचासुद्धा तसाच. अंडं असतं बहुतेक, पण बघून घे, आणि साचा कुठे मिळाला ते विचार, गप्पांना विषय होतो.

बाकी किरकोळ. चांगले मोजे घालून जा, तिथे घरात बूट काढतात. वेळेवर म्हणजे वेळेवर पोच. रिकामा डबा बरोबर ने, येताना लागतो. रेसिपीचं कार्ड कप आणि स्टिकमध्ये लिही, ग्रॅम कंसात, आणि खाली घटक सगळे, लोणी आणि गहूसुद्धा. कोणी तुझी कुकी खाऊन "दॅट्स डिफरंट" म्हणालं तर फार खूश होऊ नकोस, मिनेसोटात ते कौतुक नसतं, आणि फार मनालाही लावून घेऊ नकोस. निघताना दारात कोट घालून अर्धा तास बोलणं होईल, त्याची तर आपल्याला सवयच आहे.

आणि हे जमलं की तुला संक्रांतीला सगळ्यांकडे तिळगूळ पोचवायची हुक्की येणार, मला दिसतंय. दे की, पण तिळालाही २०२३पासून अमेरिकेत मुख्य अ‍ॅलर्जनच्या यादीत घातलंय आणि आपल्या लाडवात शेंगदाणे असतातच, तेव्हा त्या मुलाच्या घरी मात्र तिळगुळाऐवजी फ्रीझरमधला उरलेला एक रोल भाजून ने.